गोष्ट सांगताना नटांचे हात गप्प कसे करायचे?

खाडीपलीकडची
शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. आज तालमीहून येताना रिक्षात रडायचीच काय ती बाकी होते.

मी ऐरोलीत राहते. सोमवार ते शुक्रवार नोकरी, शनिवार-रविवार सात पोरांना घेऊन नाटक. चार मुलगे, तीन मुली, वय १९ ते २६, सगळी एकांकिका स्पर्धांत घासूनपुसून निघालेली. म्हणजे आवाज खणखणीत, टायमिंग चोख, आणि कुठल्या वाक्याला टाळी येणार हे वाचनाच्या दिवशीच पाठ. गुणी आहेत हो. तक्रार त्यांची नाहीच, माझी मलाच आहे.

यंदा ठरवलं की सेट नाही, प्रॉपर्टी नाही, काळे टीशर्ट-पँट आणि सात शरीरं. फिजिकल थिएटर म्हणा हवं तर. गोष्ट माझ्या आजीची. ऐरोलीचा पूल झाला १९९९ साली. त्याच्या तीसेक वर्षं आधी एका रात्री आजीला कळा सुरू झाल्या. आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ तिला होडीत घालून मुलुंडच्या बाजूला निघाले. ओहोटी लागली होती. पलीकडची तिवरं दिसायला लागली आणि होडी गाळात बसली. पाणी परत यायला चार तास. माझे बाबा त्या चार तासांत जन्मले, होडीतच.

ही गोष्ट मी ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगते तेव्हा लोकांचा चहा गार होतो. आमची पोरं सांगतात तेव्हा मी घड्याळाकडे बघते.

का ते ऐका. वाक्य आहे, "आजोबांनी दार उघडलं." नट म्हणतो "आजोबांनी दार उघडलं" आणि हाताने हवेतलं दार उघडतो. "बाहेर मिट्ट काळोख." डोळ्यांपुढे हात चाचपडतो. "आजीच्या पोटात कळ आली." पोट धरून वाकतो. "लांब एक दिवा दिसला." बोट! दर वाक्याला एक हात. बालवाडीतल्या बाई कृतिगीतं घ्यायच्या ना, तस्संच. फक्त या बाळांना दाढ्या आहेत.

मग म्हटलं, चला, समूहाचं काम करू. "गाळ व्हा." सातही जण जमिनीवर आडवे होऊन हळूहळू वळवळायला लागले. एकीने तर बुडबुडे काढले तोंडाने. गाळ कुठला, साथीच्या रोगाचा वॉर्ड दिसत होता.

चार वर्षांपूर्वी मी चार दिवसांचं एक शिबिर केलं होतं. लेकॉक या फ्रेंच नाट्यशिक्षकाच्या पद्धतीचं. डायरीत सगळं टिपून ठेवलंय: आरशाचा खेळ, शरीरातल्या ताणाच्या सात पायऱ्या, यंत्र होणं, वगैरे. ते सगळं घेते मी. पोरांना मजा येते, घाम येतो, हसतात. आणि मी "आता गोष्ट" म्हटलं की शाळेची घंटा झाल्यासारखी सगळी परत पहिल्या बाकावर. खेळातलं शरीर गोष्टीत येतच नाही.

आज शेवटी मी वैतागून म्हणाले, "हात बांधून सांगा." आमच्यातला सगळ्यात उंच मुलगा शांतपणे म्हणाला, "ताई, हात नको, तोंडावर काही दाखवायला नको, मग आपण रेडिओ करतोय का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणाकडे आहे का?

हाताशी बारा तालमी, प्रत्येकी तीन तास. जागा एका शाळेचा हॉल, खाली टाइल्स. प्रयोग जमला तर ठाण्यात घाणेकरच्या मिनी थिएटरला. आधी शरीर तयार करू की आधी गोष्ट? की माझं मुळातच काही चुकतंय?

---

तिसरी_घंटा

आमच्या वेळी याला 'फंड नाही' म्हणायचे. आता फिजिकल थिएटर म्हणतात.

बरं, चेष्टा पुरे. बाई, चूक पोरांची नाही, तुमच्या कागदाची आहे. तुम्ही "दार उघडलं" असं लिहिलंत म्हणून तो बिचारा दार उघडतोय. वाक्यात जे पूर्ण सांगून झालंय त्यात शरीराला काम काय उरलं? मग ते हमाली करतं.

'घाशीराम कोतवाल' आलं १९७२ ला. मी नंतरचा एक प्रयोग पाहिला, तेव्हा मिसरूड फुटत होतं. ब्राह्मणांची ती रांग आठवा. तोंड आपल्याकडे असलं की गाणारी माणसं, पाठ फिरवली की भिंत. भिंतीमागे काय चाललंय ते दिसू नये म्हणून भिंत, आणि दिसू नये म्हणून तर आपण माना लांब करतो. आता सांगा, त्यातला एक तरी जण "ही बघा भिंत" असं म्हणाला का?

अर्धी वाक्यं खोडा. तोवर तालीम घेऊ नका.

---

खाडीपलीकडची

काका, "हमाली करतं" हे तालमीच्या हॉलच्या फळ्यावर लिहिणार आहे. पण वाक्यं खोडली की आजीची भाषा जाते, आणि मला ती ठेवायचीय. निवेदनच काढून टाकलं तर मूकनाट्य होईल. मला सांगणं हवंय.

---

उत्तररंग

तिसरी_घंटा यांच्याशी निम्मी सहमत. वाक्यं खोडायची गरज नाही. वाक्य आणि शरीर यांनी एकाच खुर्चीत बसायचं नाही, एवढंच.

मी नाटकवाली नाही. माझे बाबा नारदीय कीर्तन करायचे, नोकरी सांभाळून. आम्ही कळव्याला चाळीत राहायचो, घरात शहाबादी फरशी. बाबा तालीम करायचे ती त्या फरशीवर, तीन लाद्यांत. मधली लादी बुवांची, म्हणजे सांगणाऱ्याची. डावी रावणाची. उजवी अंगदाची. (अंगदशिष्टाईचं आख्यान त्यांचं आवडतं होतं.) मी आठ-नऊ वर्षांची असताना मलाही उभं करायचे, आणि नियम एकच: लादी बदलताना बोलायचं नाही. आधी पाऊल, मग श्वास, मग शब्द. मी चालता चालता "मग रावण म्हणाला" म्हटलं की बाबा चिपळ्या थांबवायचे आणि म्हणायचे, "आत्ता कोण बोललं? बुवा तर निघून गेले आणि रावण अजून आला नाही."

मला वाटतं तुमच्या पोरांना शिकवायचं ते हे. अभिनय त्यांना येतो. निवेदक कुठे संपतो आणि पात्र कुठे सुरू होतं, ती कड त्यांना माहीत नाही. म्हणून ती दोन्ही एकदम करतात आणि दोन्ही अर्धवट होतात.

आता हातांचं. अंगदाला रावण आसन देत नाही, म्हणून तो शेपटीचं वेटोळं करून त्यावर बसतो, रावणाच्या बरोबरीने. सगळ्या श्रोत्यांना ही गोष्ट माहीत असते. बाबांनी शेपटी हाताने कधी दाखवली नाही. ते "वेटोळं केलं" म्हणायचे आणि स्थिर उभे राहायचे. मग अंगद म्हणून बोलायला लागले की नजर रावणाच्या डोळ्यांत सरळ. त्याआधीच्या वाक्यापर्यंत तीच नजर वर होती, सिंहासनाकडे. नजर वरून सरळ रेषेत आली की समोरच्या आज्या खुदकन हसायच्या. शेपटी त्यांना दिसलेली असायची. किती उंच झाली तेसुद्धा.

आणि वानरसेना? ती आम्ही, खाली बसलेले.

तुमच्या तालमीसाठी एक सुचवते, मी माझ्या शाळेतल्या मुलांना कथाकथनाला हेच करायला लावते. तीच गोष्ट तीनदा. पहिल्यांदा मांडी घालून, हात पाठीमागे, फक्त तोंडाने. दुसऱ्यांदा तोंड बंद, फक्त अंगाने. हे दोन्ही कंटाळा येईपर्यंत करायचं, लवकर सोडायचं नाही. तिसऱ्यांदा दोन्ही, पण अट अशी की बोलाल ते करायचं नाही, कराल ते बोलायचं नाही. तोंडाने "आजोबांनी दार उघडलं", तेव्हा अंग काय करेल? कासोटा घट्ट करेल. तंबाखूची पिशवी चाचपून परत ठेवून देईल. किंवा काहीच नाही, नुसता मागे वळून बघेल, आजी उठू शकतेय का ते. बघा म्हणजे दारात किती गोष्टी अडकलेल्या असतात.

पहिल्या दिवशी हे भयंकर होईल. माझ्या सातवीतल्या एका मुलाने "राजा घोड्यावर बसला" म्हणत दात घासले होते. होऊ द्या.

अजून एक, मग थांबते. पंडवानीत, म्हणजे छत्तीसगडात महाभारत गाऊन सांगतात त्यात, तीजनबाई तंबोऱ्याची गदा करायच्या, धनुष्य करायच्या, हे सगळ्यांना माहीत असतं. पण शेजारी बसलेला साथीदार, रागी, बघा. तो हुंकार भरतो, "अच्छा", "मग काय झालं" असं विचारतो. आपल्या पोवाड्यात झीलकरी 'जी जी' धरतात तेच काम. सांगणाऱ्याचा दम त्या हुंकारावर उभा असतो. तुमच्या सातांपैकी एकाला सांगायला लावा आणि सहांना फक्त हुंकार भरायला. हुंकार आला नाही तर सांगणाऱ्याने पुढचं वाक्य घ्यायचं नाही. अडकू दे. एकांकिकेतली पोरं प्रेक्षकांकडे बघून बोलतात पण त्यांचं ऐकत नाहीत, त्यावर याच्यासारखं औषध नाही.

---

निव्वळ_वाचक

वाचनखूण साठवली आहे. दात घासणारा राजा _/\_

---

टाच_गुडघा_कंबर

मी वाशीला नर्तकांना आणि नटांना हालचाल शिकवते, त्याआधी फिजिओथेरपी केली. त्यामुळे पहिलं वाक्य रागाने लिहितेय: टाइल्सवर पोरांना लोळवू नका. गुडघे टेकून पडणं, सरपटणं, एकमेकांना उचलणं, काहीही टाइल्सवर नाही. सतरंजी घालू नका, ती सरकते. योगाच्या मॅट चिकटपट्टीने जोडून घ्या किंवा जुन्या गाद्या. शाळा नाही म्हणाली तर जागा बदला. मागच्या वर्षी एका ग्रुपमधला मुलगा माझ्याकडे आला होता, स्पर्धेच्या आठ दिवस आधी 'लाट' होताना गुडघ्याची वाटी सरकलेली. लाट बसूनच फुटली बिचाऱ्याची.

आता गाळ.

तुम्ही डायरीतलं लेकॉक काढलंत म्हणून सांगते. झाक लेकॉक (१९२१–१९९९) मुळात खेळाचे आणि व्यायामाचे शिक्षक. नाटकाची शाळा त्यांनी १९५६ ला पॅरिसमध्ये काढली. त्यांच्या कामात माणसाने पाणी, आग, माती, गोंद, तेल यांचा अभ्यास करायचा असतो, पण तो 'गोंद झालो' हे दाखवण्यासाठी नव्हे. गोंद कसा ओढतो, कधी सुटतो, ती चाल अंगात साठवायची आणि मग माणसाच्या पात्रात वापरायची. शिबिरात आपण पहिला भाग करतो, फोटो काढतो आणि घरी येतो. दुसरा भाग राहूनच जातो. तुमचा गाळ जमिनीवर लोळला कारण त्याला ओढायला कुणी नव्हतं. गाळ स्वतः कसा दिसतो याला काडीची किंमत नाही. त्यात फसलेल्या माणसाचं काय होतं, तिथे गोष्ट आहे.

करून बघा: एक जुनी सुती साडी घ्या, सहावारी. (नायलॉन नको, कापते.) सांगणाऱ्याच्या कंबरेभोवती, बरोबर माकडहाडाच्या वर, पुढून मागे घ्या. दोन्ही टोकं मागे दोघांच्या हातात. तो पुढे चालत गोष्ट सांगणार, मागचे दोघं ओढणार. झटके द्यायचे नाहीत, एकसारखा ताण, आणि मधेच थोडी ढील. त्याला सांगायचं, एक अक्षर खाऊ नकोस, आवाज चढवू नकोस. दोन मिनिटांत त्याचे हात आपोआप गप्प होतात, कारण तोल सांभाळायला लागतात. वाक्यं तुटायला लागतात ती व्याकरणाच्या जागी नाही, श्वासाच्या जागी. ऐका ती तुटण्याची जागा. तिथे खूण करा कागदावर.

मग साडी सोडा आणि ताण तसाच ठेवायला सांगा. पहिले पाच-सहा प्रयत्न खोटे होतील, पाठीने नुसतं ओढल्यासारखं करतील. ओटीपोटातून धरला की दिसतोच. ज्या दिवशी साडीविना चालताना मागच्या दोघांचे हात आपोआप पुढे येतील, ओढायला, त्या दिवशी गाळ तयार.

तुमच्या डायरीतल्या सात पायऱ्याही अशाच वापरा. खेळ म्हणून नको. "होडी निघाली" ते "होडी रुतली" यात कुणाच्या अंगातला ताण कुठल्या पायरीवर आहे ते ठरवा, आणि तिघा भावांचा एकच ठेवू नका. एक घाबरलेला, एक थकलेला, एक उगाच विनोद करणारा. आजीचा ताण सगळ्यांत वेगळा, तो येतो आणि जातो. कळ म्हणजे लाट, सलग दुखणं नव्हे. तुमचा नट पोट धरून वाकतो आणि वाकलेलाच राहतो ना? पैज लावते.

---

खाडीपलीकडची

पैज जिंकलात. वाकलेलाच राहतो, आणि तसाच पुढची चार वाक्यं बोलतो.

टाइल्सबद्दल कान धरले. गाद्या शोधते.

---

खारेगावचा_मालवणी

दशावतारात आमच्याकडे एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. कुणी त्याला हात लावून "हा रथ" म्हणत नाही, राजा त्याच्यावर कसा बसतो त्यावरून कळतं. आणि लिखित संवाद नसतात. कथानक ठरवून घेतात, बोलणं उभ्याउभ्या. तुमची पोरं पाठ केलेलं बोलतात म्हणून हात हलत असतील. आठवायला जड गेलं की हात हलतात. आजीची गोष्ट त्यांना आजीच्या तोंडून एकदा ऐकवा आणि कागद काढून घ्या. बाकी मी काय सांगू, मी आपला रात्रभर प्रेक्षकात बसणारा माणूस.

---

दुसरा_निवेदक

मी नाट्यशास्त्राचा विद्यार्थी (होतो). उत्तररंग यांच्या तीन लाद्या फारच छान, पण मला त्यात एक धोका दिसतो. जर्मन नाटककार ब्रेख्तने नटांसाठी तालमीतले तीन उपाय सांगितलेत: वाक्य तृतीयपुरुषात बोला, भूतकाळात बोला, आणि रंगसूचनाही मोठ्याने बोला. म्हणजे "मी जातो" ऐवजी "तो म्हणाला की तो जातो, आणि मग तो दाराकडे वळला". यातून नट पात्रापासून एक हात लांब उभा राहतो. कीर्तनात उलट होतं, बुवा पात्रात विरघळतात, डोळ्यांत पाणी येतं. फिजिकल थिएटरमध्ये निवेदक तटस्थच हवा, नाहीतर सगळं भावविवश होईल. होडीत बाळंतपण म्हटल्यावर ही भीती दुप्पट आहे.

---

उत्तररंग

तटस्थ? माझ्या बाबांचे डोळे भरून यायचे हे खरं. पण त्याच क्षणी डाव्या हाताने ते पेटीवाल्याला पट्टी चढव म्हणून खूण करत असायचे. मी ती खूण बघायला शिकले तेव्हा मला फार फसवल्यासारखं वाटलं होतं. मोठी झाल्यावर कळलं की रडणारा आणि खूण करणारा दोघंही खरे. तुमच्या ब्रेख्तला हा डावा हात आवडला असता.

---

तिसरी_घंटा

दुसरा_निवेदक, एवढं लांब जर्मनीला कशाला जाता? १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्यात सूत्रधार कथा गाऊन सांगायचा आणि पात्रं त्याबरहुकूम हालचाल करायची, भाषणं ऐनवेळी. सांगणारा वेगळा, करणारा वेगळा. मराठी नाटक जन्मलं तेच मुळी असं. ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहाबाहेर वाशीला तुम्ही पार्किंग शोधता तेच भावे.

खाडीबाईंना एक सूचना यातून: सात जणांपैकी सांगणारा एक आणि करणारे सहा असं वाटून टाका एकदा. सांगणाऱ्याला पाठ फिरवायला लावा. मागे काय चाललंय ते त्याला दिसता कामा नये. हातांचा प्रश्न मिटला.

---

टाच_गुडघा_कंबर

मिटला नाही, काका. लांबणीवर पडला. कायमचं वाटून टाकलं तर सांगणारा म्हणजे लग्नातला सूत्रसंचालक होतो. तालमीपुरतं उत्तम, पण सातही जणांना दोन्ही आलं पाहिजे आणि मधल्यामधे बदलता आलं पाहिजे. केरळातल्या कूडियाट्टम या जुन्या संस्कृत नाट्यप्रकारात एकच नट वेश न बदलता एका पात्रातून दुसऱ्यात जातो, पकर्न्नाट्टम म्हणतात त्याला. तिथे वर्षानुवर्षं घासतात, इथे बारा तालमी आहेत, मान्य. तरी त्या दिशेनेच जा.

---

तिसरी_घंटा

लग्नातला सूत्रसंचालक! बरं, मागे घेतो.

---

खाडीपलीकडची
(तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितेय. सहा तालमी झाल्या. काय जमलं, काय नाही, ते सांगायला हवं.

आधी वाईट बातमी. शाळेच्या हॉलचे पैसे आधी भरलेले असूनही दुसऱ्या शनिवारी तिथे साखरपुडा निघाला. दारातच कळलं. गाद्या डोक्यावर घेऊन आम्ही सात अधिक एक जण सोसायटीच्या गच्चीवर गेलो, तेव्हापासून तिथेच आहोत. पाण्याच्या टाकीच्या सावलीत तीन गाद्या मावतात. अध्यक्षांनी परवानगी दिलीय, "आवाज नको" या अटीवर. गंमत म्हणजे त्या अटीने फायदा झाला. खणखणीत आवाज आपोआप बंद.

लाद्यांचं काम पहिल्याच दिवशी लागू पडलं. गच्चीवर चायना मोझॅक आहे, लाद्या नाहीत, म्हणून खडूने चौकोन आखले. "लादी बदलताना बोलायचं नाही" हा नियम सांगितल्यावर गोष्ट सात मिनिटांची अकरा मिनिटांची झाली आणि तरीही लहान वाटली. "आत्ता कोण बोललं?" हे आता पोरंच एकमेकांना विचारतात, चहा मागतानासुद्धा.

"बोलाल ते करायचं नाही" दोन तालमी निव्वळ हास्यास्पद होतं. "दार उघडलं" म्हणत एकजण दाढी खाजवत होता, एक मोबाइल बघितल्यासारखं करत होती. (१९६९ च्या आसपास. मोबाइल.) तिसऱ्या वेळी त्या उंच मुलाने, रेडिओवाल्याने, "आजोबांनी दार उघडलं" म्हटलं आणि काहीच केलं नाही. फक्त उजवा खांदा जरासा खाली गेला. मी विचारलं, हे काय होतं? म्हणाला, "आजी टेकलीय ना त्याच्यावर." मी काही बोलले नाही. वहीत लिहिलं.

हुंकाराला मात्र अपयश. पोरं हुंकार भरतात ते मालिकेतल्या सासूसारखे. "हूंऽऽ?" यावर अजून काम चालू आहे. उत्तररंग, काही युक्ती असेल तर सांगा.

साडी! आईची जुनी इरकल नेली होती, घरी कळल्यावर जे व्हायचं ते झालं. पण ताई, तुम्ही म्हणालात तसंच. वाक्यं श्वासाच्या जागी तुटली. "होडी गाळात, बसली" असं नाही, "होडी गा, ळात बसली" असं. मी ते तसंच कागदावर लिहून घेतलं. साडी काढल्यावर मात्र ताण लगेच पळाला. चार-पाच तालमी तो पाठीतच होता, तुम्ही म्हणालात तसा खोटा.

मग मागच्या रविवारी खारेगावच्या दादांचं ऐकलं आणि आजीला गच्चीवर आणलं. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच, पुढचे अठरा जिने ती कठडा धरून चढली. पायऱ्या म्हणायचंय, अठरा पायऱ्या. प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. पोरांनी गाळाचा भाग करून दाखवला, दोघं भाऊ होडीतून उतरून गाळात पाय टाकतात तो. दोघांनी जीव तोडून पाय वर ओढले. मांड्या थरथरताहेत, चेहरे लाल.

आजी बघत होती. मधेच म्हणाली, "तसा नाय रं निंगत."

तिने चप्पल काढली. खुर्चीत बसूनच पाय थोडा उचलला आणि टाच आधी बाहेरच्या बाजूला फिरवली, मग आत, मग परत बाहेर. अगदी हळू, किल्ली फिरवल्यासारखी. म्हणाली, "टाच फिरव पयली. वारा जाव दे आत. नुसता वर खेचलास त पाय तुझा, चप्पल खाडीची."

आणि तिने तोंडाने तो आवाज काढला, पाय सुटतानाचा. तो लिहिता येत नाही.

सात जण उठून गच्चीवर टाच फिरवायला लागले. कुणी काही सांगितलं नव्हतं. ओढणं गेलं, चेहरे निवळले, आणि कंबर आपोआप खाली आली. साडीने जे दोन आठवडे सांगितलं ते पायाला त्या एका मिनिटात कळलं. टाच_गुडघा_कंबर, तुमचा आयडी मी आता वेगळ्याच नजरेने वाचते.

मग त्या उंच मुलाने विचारलं, "आजी, चार तास सगळे काय करत होते?" नाटकात आम्ही तिथे वारा, लाटा, मंत्रासारखं काहीतरी गुणगुणणं असं बरंच ठेवलं होतं. आजीने जरा वेळ आठवलं. म्हणाली, आजोबा होडीतलं पाणी डब्याने उपसत होते. पाणी संपलं तरी उपसत होते.

ते चार तासांचं सगळं संगीत काढून टाकलंय. आता एकजण रिकामी होडी उपसतो आणि बाकीचे सांगतात. तो किती वेळ उपसू शकतो यावरून काल भांडण झालं. मी म्हणतेय तीन मिनिटं, पोरं म्हणताहेत प्रेक्षक उठून जातील. काका, तुम्ही एवढी नाटकं पाहिलीत, तुम्ही किती वेळ बसाल?

---

तिसरी_घंटा

डबा रिकामा आहे हे मला कितव्या मिनिटाला कळतं त्यावर अवलंबून. पहिल्याच मिनिटाला कळलं तर दीड. उशिरा कळलं तर पाचसुद्धा. तेवढं बघा.

प्रयोगाची तारीख टाका इथे. ठाण्यात असेल तर चालत येईन.